ब्राझीलमधला हा पतंग कोणता? आणि पीचच्या बुंध्यावरच्या अळ्या त्याच्याच का?

गुहागरची_सून · १४ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दीड वर्षापासून आम्ही ब्राझीलच्या दक्षिणेला, काशियास दो सुल या गावी राहतो. डोंगराळ भाग, द्राक्षांचे मळे, इटलीहून आलेल्यांची वस्ती. नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. घर भाड्याचं, बैठं, आणि मागे चक्क परस. परसात एक पीचचं झाड, एक ॲव्होकॅडो, एक पेरू. पेरू बघून सासूबाईंनी विमानाचा शीण विसरला. (त्या डिसेंबरात आल्यात, मार्चपर्यंत आहेत.)

आता मूळ प्रश्न. नोव्हेंबरात एका रात्री मागच्या पडवीतल्या दिव्याखाली भिंतीला वाळकं पान चिकटलेलं दिसलं. केरसुणीने काढायला गेले तर पान सरकलं. पतंग होता. माझी तीन बोटं आडवी धरली तर जेवढी होतील त्याहून थोडा मोठा. रंग करडा-तपकिरी, त्यात किंचित गुलाबी झाक, आणि पुढच्या पंखापासून मागच्या पंखापर्यंत सरळ गेलेली एकच गडद रेघ, पानाच्या मधल्या शिरेसारखी. फोटो १ आणि २ त्याचेच. फोटो हलला आहे, कारण एका हातात केरसुणी होती.

तो विषय तिथेच संपला असता. पण परवा सासूबाई पीचच्या झाडाला बांधलेल्या दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. दोरी सैल झाली म्हणून बुंध्यावर हात टेकून गाठ घट्ट करायला गेल्या. तेवढ्यात कुंपणापलीकडच्या आजी, ज्यांना अख्खी गल्ली नोना म्हणते, अशा काही ओरडल्या की सासूबाईंच्या हातातला चिमटा उडाला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नाही. नोना "तातुराना! तातुराना!" करतायत आणि आमच्या सासूबाई "अगो काय झालं हिला" म्हणून मला हाका मारतायत.

जाऊन बघितलं. बुंध्यावर, माझ्या कमरेच्या उंचीला, ओलं गोणपाट चिकटवल्यासारखा एक पट्टा. सालीचाच रंग. दोन हातांवरून मला ते झाडच वाटलं. मग पट्ट्याची एक कड हलली. अळ्या! एकीला एक चिकटून, पन्नासेक तरी असतील, प्रत्येक माझ्या करंगळीएवढी किंवा थोडी मोठी. अंगावर केस नाहीत, हिरवट काटे आहेत, आणि काट्याला फांद्या आहेत. एकेक काटा म्हणजे खेळण्यातलं सुरूचं झाड. फोटो ३ ते ६. (हे लांबून झूम करून काढलेत, नोनांनी जवळ जाऊच दिलं नाही.)

सासूबाईंचं मत: राख टाक, नाही गेल्या तर रॉकेल. नवऱ्याचं मत: घरमालकाला सांगू. माझे प्रश्न असे:

नोव्हेंबरातला पतंग आणि या अळ्या एकाच जातीच्या असतील का? ही जात कोणती? आणि ती आणखी कुठल्या झाडांवर येते? कारण परसात सासूबाई, आणि रस्त्यावर शाळेत जाणारी माझी आठ वर्षांची लेक, दोघींना झाडांना हात लावत चालायची सवय आहे.

---

सह्याद्रीवेडा · १४ जानेवारी, रात्री १०:१५

ताई, घाबरू नका. २०२२ च्या पावसाळ्यात आपल्याकडे घोणस अळीने असाच धुमाकूळ घातला होता. ऊस, गवत, बांध, जिकडे बघावं तिकडे घोणस अळी, आणि व्हॉट्सॲपवर तर ती माणसं मारत सुटली होती. प्रत्यक्षात आग, सूज, काहींना जास्त त्रास, आणि बहुतेकांचं दोन दिवसांत थांबलं. ती चावतही नाही, काटे टोचतात. चिकटपट्टी लावून काटे ओढून काढायचे, बर्फ लावायचा, खायच्या सोड्याचा लेप द्यायचा.

पतंगाबद्दल: मागचे पंख उघडल्यावर त्यावर मोठे डोळे दिसले का? दिसले असतील तर तो ऑटोमेरिस गटातला. तिकडे वाळक्या पानासारखे दिसणारे पतंग ढिगाने आहेत.

---

भुंगेरा · १५ जानेवारी, सकाळी ६:५०

सह्याद्रीवेडा, डोळ्यांचा प्रश्न बरोबर विचारलात. पण चिकटपट्टीचा सल्ला या धाग्यावर कृपया कुणी पाळू नका. हे प्रकरण घोणस अळीचं नाही.

मी दक्षिण ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात दोन वर्षं होतो. काम भुंगेऱ्यांवर, पण तिकडे झाडांखाली काम करायचं म्हटलं की पहिल्या दिवशी जी अळी ओळखायला शिकवतात ती हीच. फोटो ४ मोठा करून बघितला. फांद्या असलेले हिरवे काटे, दिवसा बुंध्यावर घोळक्याने बसणं, आणि दक्षिण ब्राझील. माझ्या मते ही लोनोमिया ऑब्लिका. वॉकरने १८५५ मध्ये नाव दिलेला पतंग. खात्रीसाठी एक गोष्ट बघा, तीही झूम करूनच: डोक्यामागे, छातीच्या भागावर पाठीवर पांढरी, इंग्रजी यू अक्षरासारखी खूण आहे का?

ही अळी माणूस मारू शकते. अतिशयोक्ती करत नाहीये. काट्यांमधल्या विषात अशी प्रथिनं आहेत जी रक्त गोठवण्याची साखळी भलत्याच वेळी सुरू करून देतात. लोपॅप आणि लोसॅक अशी त्यातल्या दोघांची नावं. अंगभर नको तिथे गोठण्याची क्रिया सुरू झाली की फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारं प्रथिन) खर्ची पडतं, आणि मग जिथे खरंच गोठायला हवं तिथे गोठायला काही उरत नाही. सुरुवातीला नुसती भाजल्यासारखी आग, डोकेदुखी, मळमळ. माणूस म्हणतो, सुरवंट लागला, होईल बरं. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, लघवीतून रक्त. पुढे मूत्रपिंड बंद पडू शकतं, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. १९८९ पासून रिओ ग्रांदे दो सुल (तुमचंच राज्य) आणि शेजारच्या सांता कातारिनाच्या शेतकरी भागात अशा घटनांची लाटच आली, तेव्हा साओ पाउलोच्या बुतांतां संस्थेने १९९० च्या दशकात यावर खास प्रतिविष तयार केलं. ते तिकडच्या सरकारी दवाखान्यांतून फुकट मिळतं.

तेव्हा कुणाला लागलीच, तर साबण-पाण्याने धुवायचं, गार पट्टी ठेवायची आणि थेट दवाखाना. रक्त दिसायची वाट बघायची नाही. ॲस्पिरिन अजिबात नाही. "तातुराना" एवढं सांगून भागत नाही, कारण तिकडे चटका देणाऱ्या सगळ्याच अळ्यांना तातुराना म्हणतात. तुपी भाषेतला शब्द आहे: ताता म्हणजे विस्तव, राना म्हणजे त्याच्यासारखं. मांजरीच्या पिल्लासारखी मऊ केसाळ दिसणारी एक आहे, तीही तातुराना. तिची आग भयंकर होते पण रक्त पातळ होत नाही. म्हणून डॉक्टरला "लोनोमिया" हा शब्द सांगायचा आणि फोटो दाखवायचा.

राख नको, रॉकेल नको, काठीने पाडणं तर नकोच. मेलेल्या अळीलाही, टाकलेल्या कातीलाही हात नाही. गावच्या नगरपालिकेच्या आरोग्य खात्याला फोन करा.

झाडांबद्दल रात्री सविस्तर लिहितो, आत्ता बस सुटेल.

---

गुहागरची_सून · १५ जानेवारी, दुपारी १:०५

भुंगेरादादा, यू आहे. एकीच्या नाही, जेवढ्यांची पाठ फोटोत आली तेवढ्यांच्या आहे. बघितल्यापासून पोटात गोळा आलाय. सासूबाईंचा हात आणि तो पट्टा यांत एक वीतभर अंतर होतं.

सह्याद्रीवेडा, डोळे नव्हते. केरसुणीचा दांडा लागल्यावर पतंग फडफडला होता, मागचे पंख नीट दिसले. पुढच्यांसारखेच, फक्त रेघ पुढे चालू.

एक गोष्ट कळत नाही. झाडाची पानं फारशी खाल्लेली दिसत नव्हती म्हणून मी कधी वर बघितलंच नाही. आज दुर्बीण घेऊन बघितलं तर शेंड्याकडच्या दोन फांद्या नुसत्या काड्या झाल्यात. मग या खाली बुंध्यावर काय करतात?

---

ऐनाचं_पान · १५ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

भंडाऱ्याहून. आमच्याकडे ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात. मामांचं कामच ते. लहानपणी त्या गार, गुबगुबीत, हिरव्या अळ्या हातावर घेऊन आम्ही फिरायचो, आणि कावळे येऊ नयेत म्हणून गुलेर घेऊन राखणीला बसायचो. तुमच्या धाग्यावरचं वाचून शोधलं तर ही लोनोमिया टसरच्याच कुळातली, सॅटर्निडी! एकाच घराण्यात एक बहीण टसरच्या साडीला धागा देते आणि दुसरी अशी? मग हिचा कोसा कसा असतो? तोही काटेरी?

---

बोलघेवडी · १५ जानेवारी, रात्री ८:१०

मीही शोधलं, आणि तिच्या झाडांच्या यादीत इपे नावाचं झाड सापडलं, ते टबेबुयाच्या नात्यातलं म्हणे. म्हणजे आपली बसंतराणी! मुंबईत पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीला रांगच आहे, फुलल्यावर आम्ही गाडी थांबवून खाली फोटो काढतो. तिथे ही अळी येऊ शकते का? घाबरून विचारतेय, हसू नका.

---

भुंगेरा · १५ जानेवारी, रात्री १०:४५

हसत नाही. नाही येणार. लोनोमिया प्रजाती अमेरिका खंडातली आहे, भारतात नाही. बसंतराणीखाली खुशाल फोटो काढा. झाड परदेशातून आलं म्हणून त्याच्यावरचा पतंग आपोआप येत नाही. झाडं बहुतेक वेळा बियांतून येतात आणि बियांवर अळ्या राहत नाहीत.

ऐनाचं पान, कोसा नाही. लोनोमियाची अळी रेशमी घर विणत नाही. पूर्ण वाढली की बुंध्यावरून उतरते आणि झाडाखालच्या ओलसर पाल्यात, मातीलगत उघडी कोषात जाते. पालापाचोळा उपसतानाही हातमोजे हवेत ते म्हणूनच, कोषात जायच्या तयारीतली अळी तिथेच असते. पतंगाला मात्र काटे नाहीत, विषाची भीती नाही. टसरच्या पतंगासारखंच त्याला खाता येत नाही. जोडी जमवायची, अंडी घालायची, आठ-पंधरा दिवसांत संपायचं. ताईंनी पाहिलेली बहुधा मादी. नर लहान आणि पिवळटसर असतो. अंडी ती पानांवर घालते. अडीच-तीन आठवड्यांत अळ्या फुटतात, अळी म्हणून दोन-तीन महिने काढतात. नोव्हेंबरातली मादी आणि जानेवारीतल्या करंगळीएवढ्या अळ्या, हिशोब जमतो. तीच आई होती असं मी म्हणणार नाही. पण जात तीच, याबद्दल यू दिसल्यावर मला शंका नाही.

आता बुंध्याचा प्रश्न, जो मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या रात्री वर चढून पानं खातात आणि दिवसा खाली येऊन घोळक्याने विश्रांती घेतात. म्हणजे माणूस कामाला असतो तेव्हाच त्या नेमक्या माणसाच्या हाताच्या उंचीला. फळं तोडणारा खांद्याने टेकतो, मूल चढायला मिठी मारतं, कुणी दोरी बांधतं. एका काट्याने फार होत नाही, पण घोळक्यावर हात पडला की एका वेळी वीस-तीस अळ्यांचं विष जातं. गंभीर घटनांत बरेचदा हेच झालेलं असतं.

झाडं: मूळची जंगलातली. तिकडचं सेद्रो, म्हणजे सेद्रेला फिसिलिस. कडुनिंबाच्या कुळातलं, आपल्या तुणीचं सख्खं भावंड म्हणावं असं. त्याशिवाय इपे आणि आरोएरा. ती जंगलं तुटली, जागी बागा आल्या, आणि ही बागेत उतरली. पीच, प्लम, पेअर, ॲव्होकॅडो, पेरू. बागेत तिचे जंगलातले शत्रूही कमी पडले असावेत. एक माशी आहे जी तिच्यावर अंडी घालते, एक ढेकूण तिला सोंड खुपसून शोषतो, एक सूत्रकृमी आतून खातो. आणि ताई, तुमच्या भागात रस्त्याकडेला प्लातानो असणारच. म्हणजे काश्मीरच्या चिनाराचा भाऊबंद. तोही तिला चालतो.

थोडक्यात तुमच्या परसातली तिन्ही झाडं यादीत आहेत. झाडं तोडू नका, फक्त हात लावायच्या आधी बुंधा बघा. सालीवर साल चिकटवल्यासारखी दिसली तर ती साल नाही.

---

सह्याद्रीवेडा · १५ जानेवारी, रात्री ११:२०

मान्य, चुकलो. चिकटपट्टीचा सल्ला मागे घेतो. संपादन करून पुसणार होतो, पण राहू दे, म्हणजे पुढच्याला कळेल.

---

गुहागरची_सून · १८ जानेवारी, रात्री ९:१०

उशिराबद्दल माफी, पण सांगण्यासारखं बरंच आहे.

फोन मी केला नाही, नोनांनी केला. माझं पोर्तुगीज अजून भाजीबाजाराच्या पलीकडे गेलेलं नाही. परवाच मी ॲव्होकॅडो मागायचा म्हणून अननस घेऊन आले. इथे दोघांची नावं सुरुवातीला अगदी सारखी आहेत, अबाका- पर्यंत एक, पुढे घात.

काल सकाळी नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचा माणूस आला. साठीचा, शांत, गळ्यात चष्मा. मला वाटलं फवारणीचा पंप असेल. त्याच्याकडे होता झाकणाला जाळी लावलेला प्लास्टिकचा डबा, कोपरापर्यंत जाड हातमोजे आणि हातभर लांबीचा चिमटा. आधी त्याने झाडाभोवती एक चक्कर मारली, खालचा पाला काठीने बाजूला करून बघितला, मग डब्यात पीचच्या दोन कोवळ्या फांद्या ठेवल्या. मी नवऱ्याला विचारलं, हे कशाला? त्याने विचारून सांगितलं: वाटेत खायला.

मारायच्या नव्हत्या! त्या जिवंत साओ पाउलोला जाणार, भुंगेरादादांनी लिहिलेल्या त्याच बुतांतांत. प्रतिविष करायला याच अळ्यांचे काटे लागतात. काट्यांचा अर्क अगदी थोड्या मात्रेत घोड्यांना टोचतात, आणि घोड्याच्या रक्तात जे तयार होतं त्यातून औषध. म्हणजे इथल्या लोकांच्या परसातून अळ्या गेल्या नाहीत तर दवाखान्यात बाटली येणार नाही. हे ऐकल्यावर रॉकेलवाल्या सासूबाई गप्प झाल्या, आणि मग म्हणाल्या, "त्याला चहा तरी विचार."

तो एकेक उचलत होता. चिमट्याने मधोमध नाही, मागच्या टोकाकडून, हलकेच. अळी सालीला पायांनी धरून बसते, ओढलं की थोडी ताणली जाते, मग सुटते. सुटताना सगळे काटे एकदम ताठ होतात. पहिल्या दहा-बारा निघाल्यावर बाकीच्या हलायला लागल्या, तेव्हा तो थांबला. दोन मिनिटं काहीच केलं नाही. शांत झाल्या की पुन्हा सुरू. लेक खिडकीतून मोजत होती: सदुसष्ट. त्याची मोजणी सहासष्ट. दोघांचं भांडण लागलं, त्याने डबा उन्हाकडे धरून पुन्हा मोजलं, आणि वहीत सदुसष्ट लिहिलं. लेक तेव्हापासून जमिनीवर नाही.

जाताना त्याने पेरू आणि ॲव्होकॅडोचे बुंधे बघितले, काही नाही. रस्त्यावरच्या प्लातानोंपैकी एका झाडाशी मात्र बराच वेळ थांबला आणि त्याला लाल फीत बांधून गेला. तिथून शाळेची बस सुटते.

नोव्हेंबरातल्या पतंगाचा हललेला फोटो त्याला दाखवला. चष्मा लावून बघितला, रेघेवरून बोट फिरवलं आणि "फेमेआ" म्हणाला. मादी.

दोरी आता गच्चीच्या खांबाला बांधली आहे. पण सासूबाई अजूनही रोज सकाळी छत्री घेऊन पीचच्या झाडापर्यंत जातात, चार हातांवर उभ्या राहून बुंधा खालून वर बघतात, आणि मग कुंपणापलीकडे नोनांना हात करतात. नोना तिकडून अंगठा दाखवतात.

---

ऐनाचं_पान · १८ जानेवारी, रात्री ९:४५

चहा घेतला का त्याने?

---

गुहागरची_सून · १८ जानेवारी, रात्री ९:५२

दोन कप. आलं घातलेला. तिसऱ्यासाठी पुढच्या आठवड्यात पाला तपासायला येतो म्हणालाय.